बोलुंबूचं मीठ

बोलुंबूच्या तोंडाला लागू नये, असं मकांझा गावच्या काठावर सगळेच म्हणत. ती नदीलाही शिव्या घालायची. काँगोचं पात्र तिथं एवढं रुंद, की बेटांमागे बेटं, पैलतीर दिसतच नाही. मागे दाट रान. रस्ता नावालाही नाही. मीठ, साबण, तापाच्या गोळ्या, जे यायचं ते नदीवाटेच, आणि तेही नदीच्या मर्जीनं.

यंदा पाणी उतरलं, मालवाहू बार्ज वाळूत रुतत गेल्या आणि घरातलं मीठ संपलं. मीठ नाही तर पुढची मासळी किड्यांच्या घशात. भोंगा ऐकताच बोलुंबू धुरावलेल्या मासळीच्या टोपल्या घेऊन एकटीच होडी वल्हवत निघाली आणि किन्शासा शहराकडे चाललेल्या बार्जला चालत्यातच दोर बांधून चिकटली.

वर, बार्जवरच भरलेल्या बाजारात, मिठाच्या पोत्यांना टेकून किन्शासाची व्यापारीण लुझोलो बसली होती; मिठावर मासळी घ्यायची आणि ती पुढे विकायची, हा तिचा धंदा.

"टोपलीला एवढं," तिनं ओंजळ दाखवली.

"डोळ्यांत घालायला नाही मागितलं, बाई!"

लुझोलोनं एक मासा हुंगला, ठेवला, दुसरा उचलला, मधेच शेजारणीशी गप्पा मारत बसली. डाव जुनाच होता. बार्ज धारेबरोबर पळत होती; घासाघीस लांबेल तेवढं गाव दूर, आणि परतायचं उलट्या पाण्यात. मागच्या खेपेला याच घाईपायी बोलुंबूनं मासळी मातीमोल दिली होती.

"गाव दिसेनासं झालं हं तुझं."

"होऊ दे. नवरा तरी सुखानं जेवेल."

बोलुंबूनं टोपल्या वर चढवल्या, लुझोलोच्याच चटईवर मांडल्या आणि फतकल मारून बसली.

"ए, जागा माझी आहे!"

"आणि नदी कुणाची? मीच येते की किन्शासापर्यंत. तुझ्या मांडीला मांडी लावून विकते, तुझ्याहून स्वस्त."

लुझोलोचा मासा हातात घेतलेलं गिऱ्हाईक तो टाकून इकडे वळलं.

"ऊठ, भवाने! ने तुझं मीठ!" लुझोलोनं एक पोतं ढकललं.

"दुसरं?"

"मगर खाईल तुला!"

"खाऊ दे. आधी दुसरं."

टोपल्या तिथंच ठेवून, दोन्ही पोती होडीत घेऊन तिनं दोर सोडला, तेव्हा ऊन कलत होतं. काठालगतच्या संथ पाण्यातून ती वल्हवत राहिली. लुझोलोला, नवऱ्याला, पाण्याला आळीपाळीनं शिव्या देत. हात सोलून निघाले. अंधारलं तशी ती एका बेटावरच्या कोळ्यांच्या झोपडीपाशी थांबली. म्हातारा कोळी पोत्यांकडे बघून म्हणाला, "चिमूटभर दे की, पोरी."

"नदीला माग," ती म्हणाली आणि पोत्यांवरच आडवी झाली.