धूर कुठं जाणार?

उजेड कुठं हवा, हे मिस्त्री कधीच आधी विचारत नसत. दारात उभं राहून सगळ्या घरावर नजर फिरवत आणि म्हणत, "धूर कुठं जाणार?"

त्या काळात तुम्ही पुण्यात असाल, तर भारनियमन आठवत असेल. मी बिबवेवाडीतल्या घरी बसून परदेशी डॉक्टरांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचे. वीज गेली की काम अडायचं, म्हणून पेट्रोलवरचा लहान जनरेटर घेतला. समोरच्या गल्लीत इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्री तो बसवायला आले. त्यांनी घराला लागून असलेल्या टेरेसच्या पार टोकाला, खिडक्यांपासून लांब, खडूनं चौकोन आखला आणि बाहेरच्या दिशेनं एक बाण काढला.

"मशीन इथं, धूर तिकडं. पाऊस आला तर काम बंद, पण मशीन आत घ्यायचं नाही."

"थोडं आत सरकवलं तर?"

"थोडं मेलेलं माणूस बघितलंय का, ताई?"

असं तोडून बोलायचे. एका गिऱ्हाइकाला जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून सगळं घर उजळायचं होतं. मिस्त्रींनी पक्कड उचलून त्याच्यादेखत ती वायर कापली. "उलटा करंट खांबावर जातो. तिथं चढलेला वायरमन आपला कोण लागतो?" गिऱ्हाईक गेलं ते कायमचंच.

मशीन महिनाभर टेरेसवर छान चाललं. मग शेजारच्या काकांनी मला जिन्यात गाठलं. "अहो, गिरणी टाकलीत हे बरं केलंत. दळण कधी आणून देऊ?"

सरळ भांडले असते तर मीही भांडले असते. टोमणा मात्र जिव्हारी लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, तेव्हा मी मशीन उचलून स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत ठेवलं आणि बाल्कनीच्या काचा ओढून घेतल्या. आईच्या खोलीची खिडकी त्याच बाल्कनीत उघडते, हे मला माहीत होतं. आई जेवून आडवी झाली होती. तिला कमी ऐकू येतं, आवाजाचा त्रास होणार नाही, एवढाच विचार मी केला.

कानाला हेडफोन लावून मी कामाला बसले. थोड्या वेळानं डोकं ठणकायला लागलं. डॉक्टरचे उच्चारच तसले, म्हणून मी त्यालाच शिव्या घातल्या. मग हेडफोनमधूनही दारावरचे धक्के ऐकू आले. भिंतीला धरत मी दारापर्यंत गेले.

दारात मिस्त्री धापा टाकत उभे होते. "दुकानातून बघतोय, घरात ट्यूब लागलीय आणि टेरेसवर आवाज नाही. मशीन कुठंय?"

मी बोट दाखवलं. त्यांनी धावत जाऊन मशीन बंद केलं, काचा उघडल्या, दारं उघडली. "आत कोण आहे?"

"आई."

आई उठेना. मी हलवलं, हाका मारल्या, तिची मान नुसती कलंडत होती. मिस्त्रींनी तिला उचलून टेरेसवर नेलं आणि त्या रिकाम्या चौकोनात निजवलं. माझा आरडाओरडा ऐकून शेजारचे काका गाडीची किल्ली घेऊन अनवाणी धावत आले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत मी आईचा हात सोडला नाही, आणि तो हात माझा हात धरत नव्हता.

प्राणवायू लावला. संध्याकाळी तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "दूध तापवलंस का?"

मिस्त्री बाहेर पायरीवर बसून होते. मी म्हटलं, "रागवा मला. काहीतरी बोला."

ते म्हणाले, "माझंही चुकलं. खडूनं आखलं होतं. खडू पुसला जातो."

दुसऱ्या दिवशी ते पिवळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. गुडघे टेकून तोच चौकोन आणि तोच बाण त्यांनी नव्यानं रंगवला.

पुढं भारनियमन संपलं, घरोघरी इन्व्हर्टर आले. मिस्त्री जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यांची आठवण आली की मला आधी लाज वाटते, आणि मग रडू येतं.

गेल्या वर्षी सोसायटीनं रंगकाम काढलं. रंगारी पत्रा घेऊन टेरेस खरवडायला आला. ऐंशी ओलांडलेली आई खुर्ची ओढत बाहेर आली.

"बाकी सगळं रंगव बाबा. एवढं राहू दे."

आणि रंगारी जाईपर्यंत ती त्या पिवळ्या चौकोनात बसून राहिली.