चौघांचा सिंहगड

एकच गड, एकच वाट आणि तेच चौघं. बावीस वर्षं रविवारी पहाटे सिंहगड चढल्यावर खरं तर सांगण्यासारखं काही उरायलाच नको. पण झालं उलटंच! बूट झिजले, सॅक दोनदा बदलल्या, किस्से मात्र साठतच गेले. आता गुडघे कुरकुरतात, महिन्यातून एखादाच रविवार जमतो. बाकीच्या रविवारी फोन असतो. कुणीतरी एक किस्सा सुरू करतं आणि उरलेले तिघं आधीच हसायला लागतात.

चौघं म्हणजे नारायण पेठेतले देवधर, खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले कांबळे, कॉलेजपासूनची माझी मैत्रीण शैला आणि मी.

*

देवधर मोजकंच बोलतात, पण समोरच्याला ते आठवडाभर पुरतं. एकदा अर्ध्या वाटेत एक आयटीतला मुलगा धापा टाकत, मनगटावरच्या घड्याळात ठोके बघत उभा होता. देवधरांना बघून म्हणाला, "अंकल, अजून किती आहे?"

"कालपर्यंत होता तेवढाच आहे."

दुसऱ्या वेळी एका मुलीने त्यांच्यासमोर मोबाइल धरला. "अंकल, रीलसाठी एक मोटिव्हेशनल लाइन बोला ना, प्लीज!"

देवधरांनी कॅमेऱ्यात रोखून बघितलं. "पायाशी पडलीय ती बाटली उचला. तुमचीच आहे."

ती रील म्हणे खूप फिरली. तेव्हापासून भाजी घ्यायला गेले तरी कुणीतरी ओळखतं, "अरे, हे तर बाटलीवाले काका!" देवधरवहिनींची मात्र पंचाईत झालीय. "अहो, ऐकणाऱ्याला काय वाटत असेल!"

*

कांबळ्यांचं आयुष्य फॅक्टरीच्या भोंग्यावर गेलं. निवृत्त झाले, पण भोंगा काही पोटातून गेला नाही. सातच्या ठोक्याला डबा उघडायचा, मग आपण कुठेही असो.

एका रविवारी सात वाजले ते नेमके अरुंद वळणावर. कांबळे मधोमध दगडावर बसले आणि डबा उघडला. मागे ही रांग!

"काका, जरा साइड द्या ना," मागून आवाज आला.

"या, बसा," कांबळे म्हणाले आणि त्या मुलाच्या हातावर भाकरीचा तुकडा नि ठेचा ठेवला. मग त्याच्या मागच्याच्या हातावर. मग त्याच्याही मागच्याच्या. डबा संपला तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला. पहिला मुलगा डोळे पुसत पुढे गेला, चार पावलं जाऊन परत आला.

"काका, नेक्स्ट संडेलाही याच टर्नला का?"

*

शैला आयुष्यभर शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे खोटं बोलताना चटकन सापडते. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी तिला चढ-उतार पूर्ण बंद सांगितला होता. "हो डॉक्टर, आता फक्त सपाटीवर," असं कबूल करून ती तिसऱ्याच दिवशी आमच्याबरोबर गडावर!

वर भज्यांच्या टपरीपाशी पोहोचलो आणि शैला एकदम कांबळ्यांच्या मागे लपली. "मेले! डॉक्टर!"

डॉक्टरांनी तिला बघितलंच. तेही जागीच थिजले. एका हातात कांदाभज्यांची प्लेट, दुसऱ्यात अर्धं भजं.

"मॅडम," भजं गिळून ते म्हणाले, "गुडघ्याचं सोमवारी बघू. फक्त एक करा. रिसेप्शनला माझी बायको बसते. तिच्यासमोर तेलकटाचा विषय काढू नका!"

*

आम्हाला आमच्या वेगाचा फार अभिमान. पण पायथ्याच्या वाडीतल्या पारूबाई डोक्यावर दह्याची पाटी घेऊन, साध्या चपलांनी, आम्हाला सहज मागे टाकायच्या. एकदा थंडीत, नुकतं उजाडत असताना, त्या आमच्याजवळ थांबल्या. खाली खडकवासल्याचं पाणी चमकायला लागलं होतं.

"काय वो, दर आइतवारी येताय," त्या म्हणाल्या. "वर काय इसरलंय का तुमचं?"

आणि गेल्या पुढे.

*

आणि आता सुमनवहिनी.

कांबळे दर सोमवारी कामावर गडाचं कौतुक सांगायचे, पण घरी सुमनवहिनींनी विचारलं की, "काही नाही गं, टेकडी आहे," एवढंच. वहिनींनी गड कधी पाहिला नव्हता. मग त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. ते नीट पार पडलं, हे आधीच सांगून टाकते. पण तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं. वहिनींनी एकच मागितलं, "त्याआधी एकदा मला तुमची टेकडी दाखवा."

वहिनींच्या डॉक्टरांना विचारून देवधरांनी गाडी काढली. शैला आणि मी वहिनींबरोबर बसलो. कांबळे मात्र म्हणाले, "मी आपला पायीच येतो. गाडीने गड? जमणार नाही." आणि आमच्या बरंच आधी निघाले.

वाहनतळापासून पुणे दरवाजापर्यंतच्या पायऱ्या वहिनी थांबत थांबत, पण स्वतःच्या पायांनी चढल्या. तिथल्या कट्ट्यावर बसवलं. खालची वाट पूर्ण दिसत होती.

थोड्या वेळाने कांबळे दिसले. चार पावलं चालायचे, गुडघ्यावर हात टेकून थांबायचे. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. असे थकलेले कांबळे आम्हीही कधी पाहिले नव्हते. आदल्या रात्री ते झोपले नव्हते, हे नंतर कळलं.

वहिनी एकटक बघत होत्या. शेवटच्या वळणावर, वरून आपण दिसत नाही असं समजून, कांबळे थांबले. रुमालाने तोंड पुसलं, खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवला. मग ताठ होऊन, शीळ घालत वर आले.

"बघितलंस? काही विशेष नाही. टेकडीच आहे."

"हो," वहिनी म्हणाल्या. "टेकडीच आहे."

अर्धा तास दोघं शेजारी शेजारी बसले. मग उतरायला उठलो. कांबळ्यांनी हात पुढे केला.

"काहीतरीच! लोक बघतायत," वहिनी म्हणाल्या आणि पदर खोचून पुढे निघाल्या.

आम्ही तिघं मुद्दाम मागे राहिलो. तीन-चार पायऱ्या झाल्या असतील. खालून वहिनींचा आवाज आला.

"बरं, धरा."