आखाजीच्या चालीवरचं युद्धगीत

परवा एका समारंभात मुलींनी 'प्राचीन वीरगीत' म्हणून एक गाणं म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं. कसलं प्राचीन? ते पासष्टच्या लढाईत, नरडाण्याजवळच्या आमच्या शेतात, भुईमूग निंदताना माझ्या मोठ्या जावेनं रचलं. मी तिच्या शेजारच्याच ओळीत निंदत होते.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या बाया उभ्या राहतात आणि एकमेकींना गाण्यातून मनसोक्त शिव्या देतात. त्या दिवशी त्याचा राग कुणी धरत नाही. माझ्या जावेला सगळे अक्का म्हणत. अक्कानं तीच चाल उचलली आणि पलीकडच्या गावाच्या जागी दुश्मनाला बसवलं. तिचा एकुलता एक मुलगा सरहद्दीवर होता. 'मना पोर्‍या परत दे, नही ते तुनी मिशी उपटसू', ही त्यातली सगळ्यात सोज्वळ ओळ!

गाणं गावोगाव पसरलं. धुळ्याला जवानांच्या मदतीसाठी कार्यक्रम ठरला, तेव्हा आम्हाला बोलावणं आलं. तालीम घ्यायला आलेल्या गुरुजींनी शिव्या गाळल्या. ते आम्ही सोसलं. मग म्हणाले, "वीरमाता पोरगा परत मागत नसते. 'पुत्र अर्पिला' म्हणा."

अक्का ताडकन म्हणाली, "गुरुजी, पोर्‍या मी धाडेल शे, दान नही करेल." धाडलाय, दान केलेला नाही.

कार्यक्रमात वेगळीच पंचाईत. समोर भांडायला कुणी असल्याशिवाय हे गाणं रंगतच नाही. नदीपलीकडच्या बायाही आल्या होत्या, पण "तुम्हीन दुश्मन व्हा" म्हटल्यावर त्या आमच्या अंगावरच धावून आल्या. शेवटी दोन्ही गावं एका बाजूला उभी राहिली आणि खुर्च्यांवरच्या साहेबलोकांकडे हात करून आम्ही गायलो, शिव्यांसकट. गुरुजी घाम पुसत होते. मला तर फार मजा आली.

लढाई थांबली. अक्काचा मुलगा आला नाही, तार आली.

पुढे तिचा सत्कार ठेवला. गुरुजी भाषणात म्हणाले, या माउलीनं देशाला पुत्र अर्पिला. अक्का उठली. पुढे केलेली शाल तिनं घेतली नाही. मिशीचं काही नाही, शिवी नाही, त्याच चालीत एवढंच म्हणाली, "मना पोर्‍या परत दे."

ती ओळ आम्ही दोन्ही गावच्या बायांनी मागून ओढली, आणि गुरुजी बसा बसा म्हणत राहिले तरी एकीनंही गाणं सोडलं नाही.