फर्स्ट स्टेजची खंडेनवमी

गेजचा काटा साडेनऊवर थांबायला हवा होता. तो दहा ओलांडून सावकाश वर चढत होता.

मी पाणबुड्या आहे. धरणांच्या दारांची पाण्याखाली जाऊन तपासणी करतो. वरवे गावातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर मी पाण्याखाली श्वास घ्यायच्या रेग्युलेटरची फर्स्ट स्टेज उघडून, साफ करून पुन्हा जोडली होती. सिलिंडरमधली हवा दोनशे बार दाबाची असते. तो दाब साडेनऊवर आणायचं काम हा मुठीएवढा पितळी तुकडा करतो. आत प्लास्टिकची एक चकती पितळी कडेवर बसून हवा अडवते. तिला सीट म्हणतात. ती नीट बसली नाही की दाब वाढत राहतो, तोंडातल्या भागातून हवा आपोआप वाहू लागते आणि सिलिंडर बघता बघता रिकामं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हीच घेऊन माझा जोडीदार विकास धरणात उतरणार होता.

सीट तर नवी टाकली होती. मग फडक्यावर पिवळी बोटं उमटलेली दिसली.

खंडेनवमी होती. माझे सासरे, म्हणजे मामा, गुंजवण्याहून आले होते. सुटे भाग फडक्यावर मांडून मी अंघोळीला गेलो होतो.

“मामा, तुम्ही याला हळद लावली?”

“व्हय. हत्यारं पुजायची ना आज. आमच्या खाचरात जायचंय त्येला, म्हणून लावली दोन बोटं.”

मामांचं भातखाचर त्याच धरणाच्या पाण्याखाली गेलंय. हे मला माहीत होतं, तरी माझा आवाज चढला.

“हे देवघर नाही. यातला एक कण आत गेला तर माणूस मरेल. विकासला दोन लहान मुली आहेत.”

“चुकलं, पाव्हणं,” मामा म्हणाले. हात धोतराला पुसले, आणि वाढलेलं ताट तसंच ठेवून दुपारच्या एसटीनं निघून गेले.

मी विकासला फोन करून हळदीचा किस्सा सांगितला. वर हसलोही. त्यानं तो आमच्या ऑफिसातल्या साहेबांना सांगितला.

मग फर्स्ट स्टेज पुन्हा उघडली. आत हळदीचा कणही नव्हता. भिंग लावलं तर पितळी कडेवर ताजा, चकचकीत ओरखडा. ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, काढायला पितळेची सळई लागते. माझी ऑफिसात राहिली होती, म्हणून मी घरातलं पोलादी दाभण घेतलं होतं.

बायको, सुरेखा, शेजारी उभी होती. ती वडिलांना दादा म्हणते. “दादांनी हळद नुसती वरच्या टोपणाला लावली होती. मी बघत होते.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलू दिलंत का तुम्ही?”

तेवढ्यात साहेबांचा फोन. “काय हो, सासरेबुवांना आवरा जरा.”

“सर, हळद नव्हती. ओरखडा मीच पाडला.”

“कशानं?”

“दाभणानं.”

“भंगारात टाका ती. विकासला दुसरा रेग्युलेटर देतो. आणि यापुढं घरी काही उघडायचं नाही.”

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन गुंजवण्याला गेलो. दारातच मामी म्हणाल्या, कालपास्नं ह्यांनी अन्नाला हात लावला न्हाई. मला बघून मामा उठले.

“त्यो पोरगा बरा हाय ना? उतरला न्हाई ना पान्यात?”

“बरा आहे. उद्या दुसरा घेऊन उतरेल. मामा, तुमच्या हळदीनं काही झालं नव्हतं. माझ्या हातून झालं.”

हातात सोनं देऊन पाया पडलो. उठून त्यांच्याकडे बघवेना. मामांनी मोठा श्वास सोडला.

“आगं, वाढ आता,” ते आत बघून म्हणाले. “दोन ताटं घे.”

जेवताना ते मला आग्रह करत होते. मी खाली बघून जेवत होतो.

ओ-रिंग पितळेच्या सळईनंच काढावी. आणि कुणाला बोलायच्या आधी फर्स्ट स्टेज पूर्ण उघडून बघावी.