हात कोरे आहेत तोवर

"इमल, तू खोटं सांगी ऱ्हायनी! काहीच दुखत नव्हतं, तर दवाखानामा कसाले गई व्हती?"

तुळसाआक्का मोबाइलवर ओरडत होती. पलीकडे इंग्लंडात राहणारी तिची धाकटी बहीण विमल. देश जितका लांब, तितका आवाज मोठा लागतो असा आक्काचा समज. त्या दिवशी पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानावर, पसरलेली मिरची नुसत्या आवाजानं दोन दिवस आधी वाळली आणि सुरतेची गाडी सिग्नल हिरवा असून थांबली. मी मिरचीवाल्या शेठच्या वजनकाट्यावर बसते. वजनात कधी लबाडी केली नाही. बोलण्याला मात्र काटा लावत नाही.

नंदुरबारच्या आमच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायांची आक्का मुकादम. तीस वर्षं मिरचीत बसून तिचे हात इतके तिखट झाले होते, की तिनं नुसतं ढवळलं तरी वरणाला तिखट घालावं लागत नसे. साबण लावा, तेल लावा, ताक लावा. हाताची आग सकाळपर्यंत जात नाही. म्हणून पथारीवरची बाई कामानंतर स्वतःच्या अंगाला हात लावत नाही. डोळा खाजला तर मनगटानं पुसते. आणि कुणी दुखणं सांगितलं की आक्काचा एकच सवाल, "झोंबस का? नही? मंग बठ खाले. जे झोंबत नही, ते दुखणं नही."

विमलचं झालं होतं ते असं. तिकडे वय झालं की बायांना सरकारी पत्र येतं, तपासायला या. ती गेली, तर यंत्रात छातीत तांदळाएवढी गाठ दिसली. कॅन्सरची. तिला स्वतःला पत्तासुद्धा नव्हता. गाठ काढली, उपचार झाले, बाई पुन्हा कामावर.

फोन ठेवून आक्का म्हणाली, "आठे लगीननी पत्रिका टाइमवर येत नही, नी तठे दुखणं पत्र धाडीसन येस."

सगळ्या हसल्या. मग ती काट्याशी आली आणि हळू बोलली. आक्काला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"काटावाली, मले बी गाठ शे. वरीस व्हई गयं. निंबूएवढी. पन झोंबत नही व."

इथून पुढे मी काही वाढवून सांगत नाही.

मी तिला सुरतेच्या दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टर तिच्या तपासणीचे कागद बघत होते. आक्कानं विचारलं, "साहेब, आम्ही दोन्ही एकच मायना पोटन्या. दुखणं बी एकच. इमल वाचनी, नी मन्हं तुम्ही खाले देखीसन कसाले सांगी ऱ्हायनात?"

"आजार एकच आहे, मावशी," डॉक्टर म्हणाले. "तिकडे पुष्कळ जणींचा तांदळाएवढा असतानाच सापडतो, म्हणून त्या जगतात. आपल्याकडे लिंबू झाल्यावर येतात. तुमचा पसरलाय."

परतीची गाडी नवापूरला आली. आक्का स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत म्हणाली, "पत्र नही उनं ते नही उनं. हात ते व्हतात ना मन्हा जवळ. ते बी मिरचीमा."

महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिनं पथारीच्या कडेला ताडपत्री बांधली. मिरचीला हात लावण्याआधी एकेकीनं आत जायचं, आपली छाती आपणच चाचपायची. बाया लाजल्या, खिदळल्या.

"सोताना अंगले लाजी ऱ्हायन्यात?" आक्का गरजली. "हात कोरा शेतस तवलगून देखी ल्या. नी जे झोंबत नही, तेच पह्यले सांगा."

तीस वर्षांचा कायदा तिनं असा एका सकाळी उलटा केला. औषधांनी केस गेले, तरी पदर घट्ट बांधून ती दर महिन्याला ताडपत्रीशी उभी राही. पुढच्या होळीआधी ती गेली. ताडपत्री आम्ही सोडली नाही.

परवाच्या मंगळवारी शेठ पथारीवर येऊन ओरडू लागले. कमलची जागा रिकामी होती, आणि देठ खुडण्यात तिच्याइतका हात कुणाचा चालत नाही.

"कमल कोठे शे? एवढा माल पडेल शे, नी ती कोठे गई?"

"दवाखानामा," मी म्हणाले. "हरभराएवढी शे."