करवतीने तपासलेला फिल्टर

सदर इसम पेशाने मेकॅनिक असून, ऑइल फिल्टर करवतीने कापून आतला कागद पाहिल्याशिवाय कोणत्याही कंपनीवर विश्वास ठेवत नाही. चार कंपन्या कापून झाल्यावर पसंत पडलेल्या कंपनीचा नवा फिल्टर त्याने मेहुण्याच्या टॅक्सीला स्वतः बसवला. इंजिन सुरू होताच खाली तेलाची धार लागली.

"बंद कर!" तो किंचाळला.

"दाजी, इंजिन जाम झालं तर टॅक्सी ढकलायला ताईला पाठवाल का? घर चालतंय माझं हिच्यावर!"

"कंपनीच चोर निघाली," असं पुटपुटत त्याने घामाघूम होऊन फिल्टर खोलला.

इंजिन शाबूत होतं. फिल्टरही निर्दोष होता. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून नव्या फिल्टरच्या आड येत होती आणि ती काढायचं तो विसरला होता.