द्वारकाबाईंची घागर

आमच्या बजाजनगरच्या गल्लीत नळाला पाणी आलं तर आलं, नाय तर द्वारकाबाईंचा बोअर हायेच. त्यांच्या दारात पितळी घागर, तिच्यावर पेला. शिफ्टला निघालेले कामगार, शाळेची पोरं, कुणीही यावं आणि प्यावं. नवरा गेल्यापासून बाईंनी ह्या पाण्यातच जीव गुंतवलेला.

मग बोभाटा झाला, की कारखान्यांमुळं जमिनीत काहीबाही मुरतंय. गल्लीतली रूपा विद्यापीठात पाण्यातले विषारी धातू शोधायचं काम करते. तिनं बाईंना स्वच्छ बाटली दिली आणि थेट बोअरच्या पायपाखाली भरा म्हणून बजावलं. पण बाई ऐकतील तर ना! पोरगी बघायला पाव्हणे आल्यावर तिला जुनं लुगडं नेसवतात व्हय, म्हणाल्या. दारातलीच, दिवाळीत कल्हई केलेली घागर चिंचेनं लख्ख घासली, तिच्यात रात्रभर पाणी ठेवलं आणि सकाळी तेच बाटलीत ओतलं.

तपासणीत शिसं निघालं. झालं, बोअर बुजवा म्हणून गल्ली पेटली. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं फुकट ढोसलं आणि आता तोंडं फिरवली मेल्यांनी! बाईंनी जेवण सोडलं. मला म्हणाल्या, "लेकरांना म्या माझ्या हातानं इख पाजलं काय गं?" मला लई रडू आलं.

रूपानं येऊन बाटली कशी भरली ते विचारलं. बाईंनी घागरीचं सगळं सांगितल्यावर तिनं कपाळावर हात मारला आणि डब्याएवढं यंत्र घेऊन अंगणातच बसली. बोटाएवढी पट्टी पाण्यात बुडवून ती बारीक करंट सोडते. पाण्यात धातू असला तर पट्टीला चिकटतो, करंट फिरवला की सुटतो, आणि तेव्हा पडद्यावरच्या रेघेला उंचवटा येतो. बोअरच्या पाण्याला रेघ सपाट राहिली. घागरीच्या पाण्याला उंचवटा आला. कल्हईच्या कथलात कुणीतरी शिसं मिसळलं होतं.

"काकू, बाटली सांगितल्यासारखी भरली असती, तर ही घागर कधीच सापडली नसती," रूपा म्हणाली.

पोरांचं रक्त तपासलं, सगळी ठीक निघाली. तेव्हा कुठं बाई पोटभर जेवल्या. घागर गेली माळ्यावर, दारात माठ आला, आणि तोंडं फिरवणारे मुकाट पेला घेऊन पुन्हा हजर.

रूपा आता अधूनमधून पाणी तपासायला नेते. काल बाईंनी थेट पायपाखाली बाटली भरून तिच्या हातात दिली.

"घे बाई, पोरगी आज साध्या लुगड्यात धाडलीय. बघ, पसंत पडती का."